वादळानंतर हॅम रेडिओचा अँटेना पुन्हा उभा करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत जात होते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांमध्ये माड-पोफळी आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. असं मोठं वादळ दरवर्षी येत नाही, पण वळवाचे झोत आणि जूनमधला पहिला वारा दर मोसमात कुणा ना कुणा हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, अँटेना खाली आणतोच. मग तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात.

खालची उत्तरं कोकणपट्टीतलं साधं घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत: झाड आणि पाइप यांच्यामध्ये ताणलेला ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) तारेचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन समान तारांचा अँटेना, छपरावर २ मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) उभा अँटेना, खाली आरजी-५८ किंवा आरजी-२१३ केबल. देशावरच्या आणि शहरातल्या मंडळींनाही बहुतेक लागू पडतील. तुटलेली तार कुणालाही दिसते आणि ती जोडलीही जाते. आठवडे वाया जातात ते केबलमध्ये शिरलेल्या पाण्यापायी आणि मीटरने दिलेल्या खोट्या दिलाशापायी, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

वारा थांबलाय. सगळ्यात आधी काय करू?

काहीही न उचलता फक्त बघा. अँटेनाची तार, पाइपला बाजूंनी धरून ठेवणारी ताणाची तार किंवा केबल विजेच्या तारेला कुठे टेकलेली आहे का? झाडाच्या फांदीतून, कुंपणाच्या तारेतून, पत्र्यावरून? तसा नुसता संशय आला तरी लांब राहा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

“लाइट तर गेलेले आहेत, मग काय होणार?” हा सगळ्यात धोक्याचा युक्तिवाद. शेजारच्या वाडीत कुणी जनरेटर चुकीच्या पद्धतीने घरच्या वायरिंगला जोडला, तर मेलेली वाटणारी लाइन उलट्या बाजूने जिवंत होते. शिवाय वीज कंपनी लाइन कधी चालू करून बघेल हे तुम्हाला कळणार नाही.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. केबल बाहेर विजेच्या तारेवर पडलेली असेल तर तिचं घरातलं टोकही तितकंच घातक असतं. रिगचा (रेडिओ संचाचा) पत्रा, पॉवर सप्लाय, त्याला जोडलेला कॉम्प्युटर, सगळं. “आधी कनेक्टर काढून ठेवतो” म्हणून शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) हात घालू नका.

विजेचा संबंध नाही याची खात्री झाली की मग फोटो काढा, सगळ्या बाजूंनी. विम्यासाठी उपयोगी पडतीलच, पण खरा फायदा दुसरा आहे. काय कुठून आधी तुटलं याचा माग पडलेल्या अवस्थेतच लागतो. सगळं गोळा करून पडवीत ठेवलं की तो पुसला जातो.

रिग लावून नुसतं ऐकून बघितलं तर चालेल का?

वरची खात्री झालेली असेल तर ऐकायला हरकत नाही. पीटीटी (ट्रान्समिटचं बटण) मात्र दाबू नका. तुटलेल्या डायपोलवर ऐकू बऱ्यापैकी येतं, आणि त्यामुळेच अँटेना शाबूत आहे असा समज होतो.

मीटरवर एसडब्ल्यूआर १.५ दाखवतोय. म्हणजे अँटेना वाचला ना?

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा: १ उत्तम, मोठा होईल तसं वाईट. वादळानंतर सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

तुमचा मीटर शॅकमध्ये आहे आणि अँटेना केबलच्या दुसऱ्या टोकाला. रिगमधून निघालेली शक्ती केबलमध्ये थोडी जिरते, उरलेली अँटेनापर्यंत जाते, तिथून जी परतते ती येताना पुन्हा जिरते. मीटरला दिसतं ते फक्त परत पोचलेलं. केबल जितकी खराब, तितकं परत कमी येतं आणि मीटर तितका खूश.

आकड्यांत बघू. केबलमध्ये एकेरी वाटेत ३ डेसिबल नुकसान होत असेल, म्हणजे निम्मी शक्ती वाटेतच जात असेल, तर वर अँटेना अजिबात नसला तरी मीटर ३ च्या वर जाणार नाही. नुकसान ५ डेसिबल असेल तर अँटेनाविना मीटर २ च्याही खाली दाखवेल. नवीकोरी आरजी-५८ घेतली तरी ३० मीटर लांबीला १४५ मेगाहर्ट्झवर साधारण ६ डेसिबल नुकसान होतं. म्हणजे वरचा २ मीटरचा अँटेना उडून शेजारच्या विहिरीत पडला तरी शॅकमध्ये १.७ च्या आसपास आकडा दिसू शकतो!

म्हणून वादळापूर्वी १.८ येत होता आणि आता १.३ येतोय, असं झालं तर आनंद मानू नका. आपोआप सुधारलेला एसडब्ल्यूआर हे बहुतेक वेळा केबलमध्ये पाणी गेल्याचं लक्षण असतं.

मग केबलची खरी परीक्षा कशी करायची?

नॅनोव्हीएनए (अँटेना-केबल मोजायचं छोटं यंत्र) किंवा अँटेना अ‍ॅनालायझर असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. केबल अँटेनापासून सोडवा. ते टोक मोकळं ठेवा, काहीही जोडू नका. शॅकच्या टोकाला यंत्र लावा आणि रिटर्न लॉस (परत आलेली शक्ती पाठवलेल्यापेक्षा किती डेसिबल कमी आहे तो आकडा) वाचा. आलेल्या आकड्याचं निम्मं म्हणजे केबलचं एकेरी वाटेतलं नुकसान. ३० मीटर चांगल्या आरजी-५८ ला ७ मेगाहर्ट्झवर ते एक-सव्वा डेसिबलच्या आसपास असावं, आरजी-२१३ ला अर्ध्या डेसिबलच्या जवळ. या टोक-मोकळ्या चाचणीत एसडब्ल्यूआर जितका जास्त तितकी केबल चांगली, म्हणजे नेहमीच्या बरोब्बर उलट. चांगल्या आरजी-५८ वर ७ मेगाहर्ट्झला तो ७ च्या पुढे दिसायला हवा. ३ दिसला तर तुमची निम्मी शक्ती केबल खातेय.

ही चाचणी रिगने करू नका. मोकळ्या टोकावर ट्रान्समिट करणं रिगच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरांना मानवत नाही.

यंत्र नसेल तर सुरी घ्या. अँटेनाकडच्या टोकाला एक वीत बाहेरचं आवरण सोला. आतली जाळी चकचकीत तांब्याची दिसली तर ठीक. काळपट, हिरवट किंवा ओलसर असेल तर पाणी गेलंय. जाळी वातीसारखी पाणी ओढून घेते, आणि केबल वरून खाली येत असल्यामुळे ते फार लांब पोचतं. एक-दीड मीटर कापून पुन्हा बघा. तिथे जाळी स्वच्छ निघाली तर उरलेली वापरा. तिथेही काळी असेल तर ती केबल वाळवत बसू नका, उन्हात टाकून काहीही होत नाही. फोमच्या इन्सुलेशनच्या केबलला तर अजिबात संधी देऊ नका.

माझ्याकडे फक्त मल्टिमीटर आहे. त्याने काही कळतं का?

बरंच कळतं, पण आपल्या अँटेनाची जात माहीत हवी. केबलच्या शॅककडच्या टोकाला मधली तार आणि जाळी यांच्यात रोध मोजा. साध्या डायपोलला, बॅलन (केबल आणि अँटेना यांच्यातला जुळवणीचा ट्रान्सफॉर्मर) नसेल किंवा फेराइट कड्यावर केबल गुंडाळून केलेला चोक असेल तर, काहीच जोड दिसू नये. जे-पोल, स्लिम जिम, फोल्डेड डायपोल आणि ४९:१ ट्रान्सफॉर्मरचा एंड-फेड (टोकाला केबल जोडलेला) या अँटेनांना उलट: तिथे जवळपास शून्य ओहम यायला हवेत, कारण त्यांची रचनाच तशी आहे. गॅमा मॅचच्या यागीला (एका दांड्यावर ओळीने कांड्या असलेल्या, एका दिशेला रोखलेल्या अँटेनाला) पुन्हा मोकळं.

हे माहीत नसल्यामुळे लोक ठणठणीत जे-पोल “शॉर्ट झालाय” म्हणून खाली उतरवतात.

मोकळा असायला हवा तिथे काही किलो-ओहम येत असतील तर ते पाणी आहे. प्रोब उलटे लावल्यावर आकडा बदलत असेल तर नक्कीच. आत गंज धरून छोटासा विद्युतघट तयार झालेला असतो.

तार मधेच तुटलीय. जोडू की नवी घालू?

एक सांधा चालतो. तिसऱ्या सांध्यानंतर नवी घाला, नाहीतर पुढचा सगळा पावसाळा सांधे शोधण्यात जाईल.

जोडताना दोन्ही टोकं आधी एकमेकांना घट्ट पिळा. ताण पिळाने पेलायचा, डाग (सोल्डर) फक्त विद्युत जोडासाठी द्यायचा. नुसत्या डागावर लटकणारी तार टिकत नाही. डागाच्या कडेला तांबं कडक होतं आणि तार तिथेच वाऱ्यात हलून हलून तुटते, म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना थोडं हीट श्रिंक चढवा.

घराच्या वायरिंगची दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची मऊ वायर बहुतेकांनी वापरलेली असते. ती चालते, पण ताणाखाली लांबत जाते. वादळाने तोडली नाही तरी ताणून लांब केलेली असू शकते, तेव्हा दोन्ही बाजू टेपने मोजा. ७.१ मेगाहर्ट्झसाठी हिशोब असा: १४३ भागिले ७.१, म्हणजे एकूण साधारण २०.१ मीटर, एका बाजूला दहा मीटर आणि वर काही सेंटिमीटर. नवी तार कापताना वीतभर जास्त ठेवा. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार हिशोबापेक्षा थोडी खालच्या फ्रिक्वेन्सीला बसते, त्यामुळे शेवटी कापावंच लागतं. दोन्ही बाजूंनी १० सेंटिमीटर कमी केले की अँटेना साधारण ७० किलोहर्ट्झ वर सरकतो. आपला बँड ७.० ते ७.२ एवढाच असल्यामुळे हा फरक लहान नाही.

ट्रॅपचा (तारेत कॉइलच्या डब्या घालून एकाहून जास्त बँडवर चालणारा) डायपोल असेल तर ट्रॅप कानाशी हलवून बघा. आत पाणी खुळखुळलं तर फ्रिक्वेन्सी का पळाली याचं उत्तर मिळालं. खालच्या अंगाला बारीक भोक ठेवा, पाणी निघून जाईल.

ट्यूनरने एसडब्ल्यूआर खाली येतोय. मग खाली उतरवायची गरज काय?

ट्यूनर, म्हणजे रिग आणि केबल यांच्यामधली जुळवणीची पेटी, रिगचं समाधान करतो. वरचं काही दुरुस्त करत नाही.

डायपोलचं एक टोक माडाला बांधलंय. दर वादळात तिथेच तुटतं. काय करू?

माड झुलतो. पायथ्याशी उभं राहून कळत नाही, पण शेंड्याजवळ तो झोतात सहज मीटर-दोन मीटर हलतो. दुसरं टोक लोखंडी पाइपला घट्ट असेल तर त्या दोघांच्या ओढाताणीत तार तुटणारच. ती जास्त जाड केली तर इन्सुलेटर जातो, तोही मजबूत केला तर पाइप वाकतो.

उपाय जुना आहे आणि आजही त्याच्यासारखा दुसरा नाही. माडाकडच्या टोकाला कप्पी लावा. इन्सुलेटरला बांधलेली दोरी कप्पीवरून खाली घ्या आणि तिला वजन टांगा. वाळू भरलेला पाच लिटरचा कॅन पुरतो. झाड हललं की वजन वर-खाली होतं, तारेवरचा ताण तेवढाच राहतो. कॅन खोडावर आपटू नये म्हणून उभ्या पीव्हीसी पाइपात सोडला तर उत्तम, आणि त्याच्या खाली कुणी बसणार-खेळणार नाही अशी जागा निवडा. पुढच्या वादळाचा इशारा आला की दोरी सोडून सगळा डायपोल दहा मिनिटांत जमिनीवर आणता येतो, हा वरचा फायदा.

दोरीबद्दल: बाजारात मिळणारी निळी-हिरवी प्लॅस्टिकची दोरी दोन उन्हाळ्यांत कुसकरते. पॉलिस्टरची घ्या. नायलॉन मजबूत असतो पण भिजला की लांबतो. सुंभ तर भिजून, वाळून, कुजून जाईल. आणि माडावर स्वतः चढू नका. वादळाने मुळं सैल झालेला माड वरून अगदी सरळ दिसतो. गावातला माडावर चढणारा माणूस खोडाकडे बघून हो किंवा नाही सांगेल, त्याचं ऐका.

जीआय पाइप वाकलाय. सरळ करून परत वापरू का?

नको. एकदा वाकून दुमडलेला पाइप त्या जागी कमजोर झालेला असतो, आणि आतल्या बाजूचं जस्त तडकून गंज तिथूनच सुरू होतो. दुमडलेला भाग कापून टाका, उरलेल्या चांगल्या लांबीचा आखूड मास्ट (अँटेनाचा खांब) करा. वेल्डिंग करून लांबी परत मिळवण्याचा मोह टाळा.

खरं तर तो का वाकला हे आधी बघा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. भारतीय मानकातलं सूत्र सोपं आहे: दाब = ०.६ × वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात, दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दाब सुमारे ६६५ न्यूटन, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ६८ किलोचा रेटा. दीड इंची, सहा मीटर उंच नुसत्या पाइपवर तो जेमतेम २४ किलो भरतो. आकडा किरकोळ वाटतो, पण हा रेटा सरासरी तीन मीटर उंचीवर लागतो आणि बुडाशी तरफेसारखा काम करतो. हाच पाइप तीन मीटरचा असता तर बुडावरचा पीळ चौथाई झाला असता, कारण पृष्ठभाग निम्मा आणि तरफही निम्मी.

याच मानकात इमारतींच्या आराखड्यासाठी मुंबईला ४४ मीटर प्रति सेकंद आणि पुण्याला ३९ हा मूळ वेग धरलेला आहे. ४४ म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. ताणाविना उभ्या केलेल्या सहा मीटर पाइपाने एवढं सोसावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

ताण किती द्यायचे आणि कुठे बांधायचे?

तीन, एकमेकांपासून १२० अंशांवर. ताण जिथे मास्टला बांधलाय त्या उंचीच्या साठ ते ऐंशी टक्के अंतरावर जमिनीत खुंट. सहा मीटरवर बांधला असेल तर चार ते पाच मीटर लांब. यापेक्षा जवळ बांधलेला ताण मास्टला आडवं धरत नाही, खाली दाबतो.

खुंट जमिनीप्रमाणे बदलतो. जांभ्यात भोक पाडून सळई सिमेंट-वाळूने पक्की केली तर ती हलत नाही. किनाऱ्याजवळच्या पुळणीत मात्र ठोकलेली सळई पहिल्याच पावसात ढिली होते. तिथे खड्डा करून दीड फूट लांबी-रुंदी-खोलीचा काँक्रीटचा ठोकळा पुरा, त्याचं वजनच सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं. आणि वरची वाळू नीट दाबून बसवा. काँक्रीट निदान आठवडाभर ओलं ठेवा, पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात, तोवर ताण कचकचून आवळू नका.

गच्चीवर असाल तर ताण कठड्याला बांधू नका. विटांचा कठडा आडव्या ओढीसाठी बांधलेला नसतो. वादळात अँटेनाबरोबर कठड्याचा तुकडाही खाली गेला तर प्रश्न हौसेचा राहत नाही. आरसीसी कॉलम किंवा बीम शोधा.

तारेच्या क्लॅम्पबाबत एवढंच: प्रत्येक टोकाला तीन, आणि यू आकाराचा दांडा नेहमी तारेच्या मोकळ्या, छोट्या टोकावर आला पाहिजे, ताण घेणाऱ्या बाजूवर नाही. लोखंडी ताणांमध्ये अंड्याच्या आकाराचे चिनीमातीचे इन्सुलेटर घालून त्यांचे तुकडे पाडा, नाहीतर ते स्वतःच अँटेनासारखे वागू लागतात.

छपरावरचा फायबरग्लासचा उभा अँटेना बाहेरून शाबूत दिसतो. परत लावू?

उतरवलेलाच आहे तर बुडाशी, जिथे तो धातूच्या नळीत शिरतो तिथे, नख फिरवून बघा. केसासारखी भेग असेल तर आत पाणी जाणार. नंतर आडवा धरून हलवा. आतून टकटक आवाज आला तर आतली तार किंवा कॉइल सुटलेली आहे. कौलारू घरात वाश्याला क्लॅम्प मारलेला असेल तर वासाही तपासा, कित्येकदा अँटेना ठीक असतो आणि वासा चिरलेला असतो.

यागी वळलाय आणि एक-दोन कांड्या वाकल्यात.

हलक्या बाकदार कांड्या हाताने सरळ होतात, दुमडलेल्या बदला. दिशा चुकली असेल तर रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) उघडण्याआधी मास्टचा क्लॅम्प बघा. दहापैकी आठ वेळा पाइप क्लॅम्पमध्ये फिरलेला असतो, रोटेटर बिचारा जागच्या जागी असतो.

पुन्हा दिशा लावताना एक गंमत लक्षात ठेवा. “दुपारी बाराची सावली उत्तरेला” हा शाळेतला नियम आपल्याकडे मे ते जुलैमध्ये, म्हणजे नेमका दुरुस्तीच्या दिवसांत, कामाचा नाही. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या मधल्या काळात तो उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेला पडते. होकायंत्र घ्या, महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक नगण्य आहे. फक्त लोखंडी मास्टपासून दहा पावलं लांब उभे राहा.

सगळं मोडलंय आणि आज संध्याकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी हवेवर जमणाऱ्या हॅमच्या बैठकीत) यायचंय. काहीतरी तात्पुरतं?

दोन गोष्टी होतात. २ मीटरसाठी ४९ सेंटिमीटरची एक उभी तार कनेक्टरच्या मधल्या पिनेला, आणि जरा लांब, ५१-५२ सेंटिमीटरच्या चार तारा त्याच्या चार कोपऱ्यांना, खाली ४५ अंशात झुकवलेल्या. खिडकीत, दांडीवर, कुठेही टांगा.

पण कोकणातून घाटमाथ्यापलीकडे बोलायचं असेल तर २ मीटरवर रिपीटरविना (संदेश उचलून पुढे पाठवणाऱ्या केंद्राविना) सह्याद्री आडवा येतो. तिथे ४० मीटरच कामाचा. उरलेली तार जोडून डायपोल करा, मधला भाग सहा-सात मीटरवर चिव्याच्या काठीला आणि दोन्ही टोकं डोक्याच्या वर येतील एवढी खाली बांधा. एवढा बुटका अँटेना आकाशाकडे सरळ वर फेकतो आणि दिवसा ७ मेगाहर्ट्झ वरून परतून आजूबाजूच्या काही शे किलोमीटरमध्ये पसरतं. श्रीवर्धनहून पुणे, सातारा, नाशिकला बोलायला तो उंच मास्टवरच्या डायपोलपेक्षा वाईट नसतो, पुष्कळदा बरा असतो. ज्यांना लांबचे देश गाठायचे नाहीत त्यांनी मोठा मास्ट परत उभारावाच का, हा विचार याच निमित्ताने करून बघावा.

सांध्यात पाणी जाऊ नये म्हणून एम-सील की सिलिकॉन?

दोन्ही नकोत. एम-सील दगडासारखं होतं, पुढच्या वेळी कनेक्टर कापावाच लागतो. साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, ते वाळताना सुटणारं आम्ल तांबं खातं.

पीएल-२५९ हा कनेक्टर मुळात जलरोधक नाही, कितीही महाग घ्या. आधी तो हाताने पूर्ण घट्ट करा, मग स्वतःला चिकटणारी रबराची टेप दुप्पट लांब ताणून खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात. त्यावर उन्हापासून वाचवायला काळी पीव्हीसी टेप, तीही खालून वर. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, पाणी तिथून टपकून जाईल. बॅलनचा डबा असेल तर सगळ्या बाजूंनी बंद करू नका, तळाला बारीक भोक हवं, आत दमट हवेचं पाणी होतंच. भोक तीन मिलिमीटरपेक्षा मोठं मात्र नको, नाहीतर गांधीलमाश्या बिऱ्हाड करतात.

एसडब्ल्यूआरचा आकडा वाऱ्याबरोबर नाचतो, पण वारा थांबल्यावर ठीक. हे काय?

सैल सांधा. अ‍ॅनालायझरकडे एकाने बघायचं, दुसऱ्याने केबल आणि तारा एकेक करून हलवायच्या. फक्त ओल्यावर बिघडत असेल तर इन्सुलेटर बघा. किनाऱ्यावर वादळी वारा समुद्राचे तुषार आत बरंच लांब आणतो आणि सगळ्यावर मिठाचा थर बसतो. गोड्या पाण्याने धुऊन काढा. अ‍ॅल्युमिनियमवर तांबं थेट आवळलेलं असेल तर ॲल्युमिनियम याच खारट ओलाव्यात पांढरी पूड होऊन जातं, मध्ये स्टेनलेस स्टीलचा वॉशर घाला.

जूनमध्येच दुरुस्त करू की पावसाळा संपल्यावर?

तात्पुरता डायपोल लगेच, मास्ट आणि काँक्रीट पावसानंतर. भर पावसात शेवाळलेल्या कौलांवर चढण्याइतकं काहीच तातडीचं नसतं. ऑक्टोबरात मात्र परतीच्या पावसाबरोबर विजा कडाडतात, तेव्हा कामाच्या दिवशी पुण्याच्या आयआयटीएमने केलेलं दामिनी ॲप बघत राहा. गडगडाट ऐकू आला की खाली उतरायचं, “एवढा एक नट” म्हणायचं नाही.

अर्थिंगची पट्टीही त्याच वेळी बघा. वादळात मास्ट हलतो तेव्हा ती बुडाशी तुटते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आणि अर्थिंग आहे म्हणून केबल जोडलेली ठेवू नका, विजेच्या दिवसांत ती काढून घराबाहेर ठेवणं हाच खरा बचाव.

वीज परत आली आणि बँडवर घरघर सुरू झाली. रिग बिघडली का?

बहुधा नाही. वीज नसताना ४० मीटर इतका शांत असतो की त्याची सवय होते. पण ती घरघर आधी नव्हती आणि आता कायम आहे, तर वादळाने खांबावरचा इन्सुलेटर तडकवला किंवा कुठली पकड सैल केली असेल. बॅटरीवर चालणारा मिडियम वेव्ह रेडिओ घेऊन गल्लीत फिरा, जिथे घरघर सगळ्यात मोठी तो खांब. खांबाला हात लावू नका. त्याचा क्रमांक महावितरणला द्या आणि “आवाज येतो” म्हणण्यापेक्षा “ठिणग्या पडत असाव्यात” म्हणा, माणूस लवकर येतो.

मास्ट शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडला. आता ते परत लावू देत नाहीत.

आधी त्यांचा पत्रा दुरुस्त करा, स्वतःचा अँटेना नंतर. मग नवा मास्ट अशा जागी घ्या की पूर्ण लांबीने पडला तरी तुमच्याच अंगणात पडेल. विजेच्या तारेपासूनही हाच हिशोब, उंचीच्या दीडपट तरी अंतर. सोसायटीत असाल तर नव्या ताणांचा साधा नकाशा काढून कमिटीला द्या. गच्चीत भोकं पाडणार नाही हे लेखी असलं की निम्मा विरोध मावळतो, कारण कमिटीला लहरींची फारशी भीती नसते, गळतीची असते.

जुनं सामान काय ठेवू, काय भंगारात देऊ?

स्टेनलेस नटबोल्ट, चिनीमातीचे इन्सुलेटर, सरळ राहिलेली ॲल्युमिनियमची नळी ठेवा. फेराइट कडं तडकलेलं नसेल तर तेही. एकदा वाकलेले यू-बोल्ट, गंजलेले टर्नबकल आणि ताणाची एकही धागा तुटलेली तार परत वापरू नका. पाणी गेलेली केबल तुकडे करून भंगारात द्या. अख्खी गुंडाळून माळ्यावर टाकलीत तर पुढच्या वर्षी चांगली समजून तुम्हीच ती पुन्हा वर चढवाल.